चौकशीकाकांची केबिन

मोठे साहेब कुठल्याही शिबिराला जाऊन आले, की ऑफिसात पुढचा महिनाभर कुणाची धडगत नसे. मागे एकदा ते 'रिकामं टेबल, ताजं डोकं' असलं काहीतरी शिकून आले, तेव्हा सगळ्यांनी टेबलांवरचे कागद खणांत कोंबले. टेबलं चकाचक झाली, पण खण उघडेनात. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचांची ऑर्डर त्या कोंबाकोंबीत अशी काही अडकली, की ती सापडेपर्यंत त्या गृहस्थाने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि त्याला काचांची गरजच उरली नाही. त्यामुळे या खेपेला साहेबांनी आल्या-आल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, तेव्हा लोकांनी आधी आपापल्या खणांना कुलपं लावली आणि मगच ते उठले.

"आजपासून," साहेब म्हणाले, "या ऑफिसात प्रत्येक काम प्रोजेक्ट म्हणून होईल."

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका जुन्या कंपनीचं हे ऑफिस. घरमालकाला जागा परत हवी होती, म्हणून अख्खं बिऱ्हाड रस्त्यापलीकडच्या इमारतीत हलवायचं होतं. तिथे एक मजला घेतला होता, पण तो नुसता मोकळा. भिंती, खोल्या, कोण कुठे बसणार, सगळं ठरायचं होतं. एरवी हे काम आमच्याकडे जसं होतं तसंच झालं असतं, म्हणजे आधी भांडणं, मग रुसवेफुगवे आणि शेवटी जो पहिला जाऊन बसेल त्याची खिडकी. पण साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला आणि प्रोजेक्ट मॅनेजर कोण होतंय म्हणून विचारलं.

सगळ्यांना एकदम आपापल्या चपलांमध्ये फार रस वाटू लागला.

"प्रोजेक्ट मॅनेजरला नव्या जागेत ही केबिन मिळेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी नकाशातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "दहा बाय दहा."

"दार असलेली?" मागून आवाज आला.

"केबिनला दार असतंच की हो, काका."

"मग मी करतो," चौकशीकाका म्हणाले.

आता चौकशीकाकांना दाराचं एवढं काय, ते सांगायलाच हवं. काका खरेदी विभागातले वरिष्ठ सहायक. वरिष्ठ अशासाठी, की त्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं. अख्खा खरेदी विभाग म्हणजे काकाच. पण त्यांचं टेबल ऑफिसच्या मुख्य दाराशी, आणि त्याच्यावर कुठल्या तरी जुन्या काळी कुणीतरी लावलेली 'चौकशी' अशी पाटी. ती काढायची म्हणून काकांनी किती अर्ज केले असतील! पाटी तशीच राहिली आणि काकांचं नावच चौकशीकाका पडलं. येणारा-जाणारा त्यांना जिना विचारी, किती वाजले विचारी, समोरचं दुकान कधी उघडतं तेही विचारी. खरेदीचा हिशेब बेरजेत आला रे आला, की कुणीतरी टेबलावर ओली छत्री ठेवून म्हणे, "काका, एक विचारू?" गेली बेरीज! एकदा तरी दार लावून, सलग, कुणी काही न विचारता बसायचं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

शिवाय आमच्याकडे केबिन फक्त विभागप्रमुखाला. काकांना विभागप्रमुख करायचं घोंगडं कित्येक वर्षं भिजत पडलेलं. पहिले साहेब "बघू" म्हणाले आणि निवृत्त झाले. दुसरे "नक्की बघू" म्हणाले आणि त्यांची बदली झाली. आताचे साहेब त्या दिवशी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम नीट पार पडलं, की तुमच्या त्या पदाचंही आपण बघूच." त्या 'बघूच'मधल्या 'च'वर काका दिवसभर खूश होते.

घरी गेल्यावर त्यांनी बातमी दिली. सासूबाई गुडघ्याच्या औषधोपचारासाठी लेकीकडे मुक्कामाला होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालं हो जावईबापू. आमच्या मोठ्या जावयांच्या केबिनला घंटीपण आहे."

काकांनी पाणी पिऊन टाकलं. मोठे जावई म्हणजे काकांच्या आयुष्यातलं ठसठसणारं कुरूप. सासूबाई त्या जावयांना 'साहेब' म्हणत आणि काकांना 'बिचारे' म्हणत. तोंडावर नाही म्हणायच्या, पण घराच्या भिंती पातळ होत्या.

"आई, यांनाही मिळेल घंटी," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही आधी सांगा, टेबल कुठे ठेवणार? तुमचं तोंड दाराकडे हवं. पाठ दाराकडे म्हणजे कारकून वाटतो माणूस."

झालं, तिथूनच घरातलं नियोजन सुरू झालं. काकांनी खडू आणला आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर केबिन आखली. अगदी दहा बाय दहा. ती आखल्यावर खोलीत चालायला जागाच उरली नाही, पण सगळ्यांनी कौतुकाने तेवढी कळ सोसली. जेवणाचं टेबल म्हणजे ऑफिसचं टेबल, वेताचा मोडा म्हणजे भेटायला येणाऱ्यांची खुर्ची. सासूबाई 'केबिन'मधून सरळ स्वयंपाकघरात निघाल्या, तर बायको ओरडली, "आई, ती भिंत आहे! दारातून ये."

समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त इंजिनीयर आवाज ऐकून आले. उभा जन्म त्यांनी पूल बांधण्यात घालवला होता, त्यामुळे कुठल्याही गोष्टीबद्दल बोलताना ते आधी खाली वाकून पाया बघत. खडूच्या रेघा बघून ते म्हणाले, "एक लक्षात ठेवा. काम सुरू झालं की सगळ्यात आधी मॅनेजरचीच जागा खाल्ली जाते. दुप्पट मागून ठेवा."

"छे छे," काका म्हणाले, "आमच्याकडे आता पद्धतशीर काम आहे."

इंजिनीयर हसले आणि चहा न घेता गेले. ते चहा न घेता गेले तेव्हाच खरं काकांनी सावध व्हायला हवं होतं.

पण काका त्या पद्धतीच्या प्रेमातच पडले होते. साहेबांनी दिलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी परीक्षेला बसावं तसं वाचून काढलं. बाकीच्यांना त्यातला तक्ता दिसला, बाण दिसले आणि जांभया आल्या. काकांना त्यात न्याय दिसला. ज्या ऑफिसात आजवर प्रत्येक गोष्ट साहेबांचा मूड आणि मागणाऱ्याचं तोंड बघून झाली, तिथे हे पुस्तक म्हणत होतं, की ज्याला काही बदल हवा असेल त्याने लेखी मागावा, कारण द्यावं, कारण तपासावं, पटलं तर मंजूर, नाही तर नामंजूर, आणि उत्तरही लेखीच द्यावं. लेखी! काकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आयुष्यभर तोंडी 'बघू' खाऊन जगलेल्या माणसाला लेखी उत्तर म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्यांनी नियमच करून भिंतीवर लावला: 'नकाशात बदल हवा असल्यास बदल-अर्ज द्यावा. कारण पटल्यास मंजूर. कुणाचंही तोंड बघितलं जाणार नाही. तोंडी काही चालणार नाही.' खाली सही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ते कळायला अजून वेळ होता.

पहिला अर्ज आला टेलिफोनवाल्या हॅलोताईंचा. त्या दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत. 'माझी जागा हॉलमध्ये दाखवली आहे. गोंगाटात मला तक्रार ऐकू आली नाही, तर मी काचेचा नंबर चुकीचा लिहीन आणि माणूस खांबावर आपटेल. मला बाजूने भिंत हवी.' काकांनी अर्ज तपासला. कारण बिनतोड होतं. भिंतीला जागा कुठून द्यायची? माल बांधायची जागा कमी करता येईना, कारण तिथे काम चालतं. तिजोरीची करता येईना, कारण तिजोरी तिजोरीच असते. नकाशात एकच जागा अशी होती, जिथे कुठलंही काम चालत नव्हतं, नुसता एक माणूस बसणार होता.

'मंजूर,' काकांनी लिहिलं आणि केबिनची एक बाजू पेन्सिलने आत सरकवली.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी ओल्या फडक्याने खडूची एक रेघ पुसली आणि जरा आत दुसरी ओढली. बायको बघत राहिली.

"काय हो, कमी झाली?"

"किंचित. टेबल आरामात बसतं."

मग आल्या कॅशियरबाई. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव सुरीसारखा. 'तिजोरी उघडताना ती जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते. हे धोक्याचं आहे. आडोसा हवा. काका, तुमचाच नियम आहे म्हणून लिहून देते, नाहीतर मी तोंडीच भांडले असते.' शेवटच्या ओळीने काका भारावले. कॅशियरबाई भांडायच्या ऐवजी लिहून देतात, याहून मोठा पद्धतीचा विजय तो कुठला? मंजूर!

मग पार्सल विभागातले भाऊ. त्यांना सगळे 'जपून' म्हणत, कारण दिवसभर ते हमालांच्या मागे "जपून, जपून" करत फिरत. काचांच्या पेट्या एकावर एक रचल्या तर खालच्या फुटतात, म्हणून त्यांना लांबलचक रॅक हवा होता. काकांनी सरळ नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण जपूनभाऊंनी अर्जाबरोबर फुटकी काच जोडली होती. काकांनी ती उजेडात धरली. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईसाठी असावी, इतका जाड नंबर होता. काकांचं मन विरघळलं. मंजूर.

एव्हाना सगळ्या ऑफिसला अर्जाची गोडी लागली होती. जो तो वेळ मिळेल तेव्हा कारण शोधत बसे, आणि कारणंही एकापेक्षा एक सरस. या माणसांमध्ये एवढी बुद्धी होती, तर ती इतकी वर्षं कामात का दिसली नाही, असा प्रश्न काकांना पडायचा. पण पडून काय उपयोग! घरी रोज ओलं फडकं आणि खडू. केबिन जेवणाच्या टेबलाएवढी झाली, मग मोड्याएवढी झाली. सासूबाई आता ती सहज ओलांडून जात.

"जावईबापू," एकदा त्यांनी विचारलं, "ही केबिन आहे की पाट मांडायला केलेली खूण?"

"अहो, एकदा तरी नाही म्हणा ना कुणाला!" सासूबाई आत गेल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली. "त्या साहेबांना सांगा, की माझी केबिन मला हवीच."

"तोंडी सांगू?" काका दुखावून म्हणाले. "मीच नियम केला आणि मीच मोडू?"

"मग बसा नियम मांडीवर घेऊन!"

काका खरंच बसले. इतके रडवेले, की बायकोने मग स्वतःहूनच चहा टाकला. दारातून इंजिनीयर डोकावले, त्यांनी वाकून खडूचा चौकोन पाहिला आणि या वेळी मात्र ते चहाला थांबले.

शेवटचा घाव अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी घातला. ते नकाशा घेऊन मजल्यावर फिरले, टेप टाकला आणि म्हणाले, "हॉलमधून जिन्याकडे जायला वाट रुंद हवी. हे मध्ये काय कपाट आहे?"

"केबिन आहे ती," काका म्हणाले.

"काढा."

त्याला अर्ज नव्हता की अपील नव्हतं. काकांनी खोडरबर घेतलं. आता मजल्यावर त्यांना बसायला एकच जागा उरली: मागच्या बाजूचा बोळ. बोळ बरा रुंद होता, एका भिंतीशी टेबल आणि चार खुर्च्या मावत होत्या, आणि पुढे पलीकडच्या टोकाला ऑफिसचं बाथरूम. अधिकाऱ्यांना त्यात काहीच हरकत दिसली नाही. "इथून जिन्याकडे कुणी पळत येत नाही," ते म्हणाले, "कुणी पळत गेलंच तर उलट बाजूला जाईल."

आणि गंमत बघा, स्थलांतर मात्र ठरल्या तारखेला झालं. या कंपनीच्या इतिहासात ठरल्या तारखेला झालेली ही पहिलीच गोष्ट! काकांनी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली होती, कुठून कुठे आणि कशी न्यायची त्याची. हमालांना एकच सूचना: चिठ्ठी असेल ते उचला, नसेल त्याला हात लावू नका. मोठे साहेब कौतुकाने बघत एका पेटीला टेकून उभे राहिले आणि तिची चिठ्ठी त्यांच्या कोटाला चिकटली. दोन हमाल आले, त्यांनी ती नुसती पाहिली, एकाने काखेत धरलं, दुसऱ्याने पायांना, आणि साहेब रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत "अरे, अरे" करण्यापलीकडे काही करू शकले नाहीत. तिथे एकाने चिठ्ठी वाचली: 'नाजूक. आडवं नेऊ नये.' मग हमालांनी त्यांना उभं धरून नेलं. एवढा एक प्रकार सोडला, तर काचेला तडा गेला नाही. साहेब तर नव्या जागेत टेकल्यावर इतके खूश झाले, की ते स्वतः हललेत हेही विसरले. त्यांनी भाषण केलं. "काकांनी पद्धत म्हणजे काय ते दाखवून दिलं," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या आडोशाला, भिंतीला, रॅकला जाऊन बसले. काका बोळात जाऊन बसले.

"साहेब, ते पदाचं..." त्यांनी नंतर विचारून पाहिलं.

"बघूच की," साहेब म्हणाले.

घरी तर त्याहून कठीण प्रसंग वाढून ठेवला होता. सासूबाईंचा गुडघा बरा झाला होता आणि गावी परत जायच्या आधी त्यांना जावयाची केबिन बघायची होती. मोठ्या जावयांची पाहिली, मग यांची का नको? बायकोने काकांकडे बघितलं. काकांनी जमिनीकडे बघितलं, जिथे आता खडूचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

"या ना," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बिचाऱ्याला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातला पहिला धाडसी विचार केला. अर्ज तर कुणीही करू शकतं, मग मॅनेजरने का करू नये? पुस्तकात लिहिलं होतं, की मॅनेजरने स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करायचा नाही, तो वापरणाऱ्यांच्या समितीपुढे ठेवायचा. समिती म्हणजे कॅशियरबाई, हॅलोताई आणि जपूनभाऊ. तिघं काकांनी शिकवल्यासारखी गंभीर चेहरे करून समोर बसली.

"मागणी?" कॅशियरबाईंनी विचारलं.

"दार."

"कारण?"

काकांनी कागदावर 'कामात एकाग्रता' वगैरे लिहिलं होतं. पण ते वाचवेना. कागद खाली ठेवून ते म्हणाले, "कारण असं, की मी इतकी वर्षं उघड्यावर बसलोय. मलाही वाटतं हो, की कुणीतरी आत यायच्या आधी मला विचारावं. तुम्हाला सगळ्यांना दिलं, ते काही उपकार नाहीत, तुमची कारणंच खरी होती. माझं कारण एवढंच आहे. पटलं तर बघा. सासूबाई येतायत."

हॅलोताईंनी चष्मा काढून पुसला. कॅशियरबाईंनी मात्र नियमाप्रमाणे पर्याय तपासला, धोका तपासला आणि मगच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'मंजूर. बोळाच्या तोंडाशी दार बसवावं. दार वाजवून, काकांची परवानगी घेऊनच आत यावं. अपवाद नाही.' तिघांनी सह्या केल्या.

सुताराने चांगलं भरभक्कम दार बसवलं. ते बंद करून बायकोने निवडलेल्या खुर्चीवर काका टेकले. एकदम शांत झालं. हॉलमधला आवाज नाही, छत्र्या नाहीत, जिना कुठाय म्हणून विचारणारं कुणी नाही. काकांनी डोळे मिटले. 'हेच ते,' त्यांना वाटलं.

टक टक.

"काका, येऊ का?" हॅलोताईंचा आवाज.

"या."

हॅलोताई आल्या, काकांकडे बघून कसनुशा हसल्या, टेबलाला वळसा घालून पुढे गेल्या. तेव्हा कुठे काकांच्या आणि एकूणच सगळ्या ऑफिसच्या ध्यानात आलं, की समितीने कारण तपासलं, धोका तपासला, पण बोळाच्या पलीकडे काय आहे ते कुणी तपासलंच नव्हतं. पण आता नियम तो नियम. लेखी, सह्यांनिशी. बदलायचा तर अर्ज करावा लागणार, आणि त्या अर्जात कारण काय लिहायचं, हे कुणाला सुचेना.

सासूबाई आल्या त्या ऐन गर्दीच्या वेळी. लेकीचा हात धरून त्या आत आल्या, दार बघितलं, दारावर हात फिरवून बघितला आणि खुर्चीत बसल्या. काकांनी चहा मागवला. बायकोने एकदाच पलीकडच्या टोकाकडे नजर टाकली, तिला सगळं समजलं आणि तिने पदर तोंडाला लावला. तिने चटकन आईची खुर्ची अशी सरकवली, की आईची पाठ नेमकी त्या बाजूला झाली.

टक टक. "काका, येऊ का?" "या." टक टक. "काका, जरा येऊ?" "या, या." जपूनभाऊ आले, कॅशियरबाई आल्या, हिशेबवाले आले. प्रत्येकजण दारात अदबीने थांबे, परवानगी मागे, घाईघाईने आत जाई आणि थोड्या वेळाने वाकून नमस्कार करून बाहेर पडे.

सासूबाईंचे डोळे विस्फारले. "अगं," त्या लेकीला म्हणाल्या, "केवढी माणसं येतात यांच्याकडे! येताना कसे काळजीत असतात, आणि जाताना प्रत्येकाच्या तोंडावर समाधान. मोठ्या जावयांच्या केबिनमधून माणसं रडत बाहेर येताना बघितलीत मी."

काकांची छाती दोन इंच फुगली. फुगू नये का? माणूसच ते.

पुन्हा टक टक झालं. या वेळी जरा जोरात. दारात मोठे साहेब.

"काका, येऊ ना?"

"या ना, साहेब. या माझ्या सासूबाई."

साहेबांनी घाईने हात जोडले आणि पाऊल पुढे टाकलं. पण सासूबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा हो, बसा. तुम्हीच मोठे साहेब ना? तुमच्याशी बोलायचंच होतं."

साहेब चांगल्या घरातले. म्हाताऱ्या बाईंनी खुर्ची दिल्यावर, आपण नेमकं कशासाठी आलोय ते सांगायचं कसं? ते बसले. अगदी टोकावर. एका पायावर दुसरा पाय घट्ट टाकून.

"आमचे जावई कसं काम करतात?"

"उत्तम! फारच उत्तम! काकांशिवाय या ऑफिसात कुणाचं काही होत नाही. आता मी जरा..."

"थांबा, चहा घ्या ना. मग यांच्या दारावर पदाची पाटी कशी नाही?"

"लावू की! लावू!"

"विभागप्रमुख करणार होतात म्हणे. मुलगी सांगत होती. वर्षं झाली."

"केलं! केलं, आजी!" साहेबांच्या कपाळावर घाम आला. "काका, आजपासून तुम्ही विभागप्रमुख. झालं? आता मी..."

एरवी एवढ्यानेच काका आनंदाने वेडे झाले असते. पण ते उठले आणि टेबलाला वळसा घालून साहेबांच्या आणि बोळाच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"साहेब, तोंडी नको. आपल्याकडे तोंडी काही चालत नाही."

साहेबांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा त्यांच्या मागच्या बोळाकडे. मग ते उठले, त्यांनी कागद ओढला, उभ्याउभ्याच दोन ओळी खरडल्या, खाली इतकी मोठी सही केली की ती टेबलावर उतरली, आणि काका बाजूला झाले न झाले तोच ते सुटले.

काकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. बायकोकडे दिला. तिने तो वाचला आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात हातात घेतला, लग्नात घेतला होता त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

सासूबाई मात्र मान वळवून मागे बघत होत्या.

"अगं, साहेब बाहेर जायचे सोडून तिकडे कुठे पळाले?"

"आतल्या मीटिंगला, आई," बायको म्हणाली. "फार तातडीची असते ती."